बीपी पडायच्या आधी शॉक ओळखायचा कसा

कडबाकुट्टीत हात गेला. मोटर बंद करून हात सोडवला, पंचा गुंडाळला आणि माणसाला ओट्यावर बसवलं. तो बोलतोय, सगळ्यांना ओळखतोय, ‘मला काही नाही, गाडी काढा’ म्हणतोय. शेजाऱ्याचं बीपीचं मशीन ११८ दाखवतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पाऊण तासानं, गाडी तालुक्याच्या वाटेवर असताना, तो निपचित पडतो. मग सगळे ‘अचानक झालं’ म्हणतात.

अचानक काही झालेलं नसतं. तो पाऊण तास शरीर नुकसान झाकत होतं. रक्तस्रावात बीपी हा सर्वांत उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. त्याच्या आधी हात, नखं, नाडी, श्वास आणि माणसाचं वागणं बोलतं. ते वाचता आलं तर हाताशी अर्धा तास जास्त मिळतो, आणि जीव वाचतो तो बहुतेक वेळा त्या अर्ध्या तासात.

एक गोष्ट आधी स्पष्ट करू. इथला ‘शॉक’ म्हणजे विजेचा झटका नाही किंवा वाईट बातमीनं बसलेला धक्काही नाही. शरीराच्या पेशींना लागेल तेवढा प्राणवायू रक्तातून पोहोचेनासा होतो, त्या अवस्थेला वैद्यकात शॉक म्हणतात. तिची कारणं अनेक आहेत. हा लेख मुख्यतः रक्त गेल्यानं येणाऱ्या शॉकबद्दल आहे, कारण त्यात घरच्या, शेतावरच्या, रस्त्यावरच्या माणसाला करता येण्यासारखं सर्वांत जास्त आहे.

रक्त किती आणि दाब कशाचा

मोठ्या माणसात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७० मिली रक्त असतं. ६० किलोच्या माणसात ४ लिटर २०० मिली. लहान मुलात किलोमागे ८० मिली धरतात. म्हणजे १० किलोच्या मुलात सगळं मिळून ८०० मिली, रक्तदानाच्या ३५० मिलीच्या सव्वादोन पिशव्यांएवढं. मोठ्याच्या अंगातून गेलेलं पेलाभर रक्त आणि मुलाच्या अंगातून गेलेलं पेलाभर रक्त एकाच मापानं मोजायचं नसतं.

हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त पुढे ढकलतं आणि मिनिटाला ७० ठोके देतं. म्हणजे विश्रांतीत मिनिटाला जवळपास ५ लिटर. पण हृदय स्वतः रक्त ओढून आणत नाही, शिरांमधून जेवढं परत येईल तेवढंच पुढे देतं. आणि शरीरातलं साधारण दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्ये असतं. शिरा म्हणजे निव्वळ परतीचा रस्ता नव्हे, ती साठवणीची टाकीही आहे.

आता दाब. नळाला पाणी कमी आलं की आपण पाइपाचं तोंड बोटानं दाबतो. धार लांब जाते, पण बादली लवकर भरत नाही. बीपी मोजतो तेव्हा आपण धार मोजतो, बादली नाही. रक्त कमी झालं की शरीर धमन्यांची तोंडं आवळून धार टिकवतं. आकडा ११८ राहतो आणि आतडी, मूत्रपिंडं, कातडी यांची बादली मात्र रिकामी होत जाते.

शरीर काय काय करतं

पहिली हालचाल काही सेकंदांत होते. मानेतल्या मोठ्या धमन्या जिथे दुभंगतात तिथे, आणि महाधमनीच्या कमानीत, दाब ओळखणारे चेतातंतू असतात. दाब थोडासा उतरला की ते मेंदूच्या देठाला कळवतात. तिथून हुकूम सुटतो. हृदयाची गती आणि जोर वाढतो, अ‍ॅड्रिनल ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनालिन सुटतं, शिरा आवळून साठ्यातलं रक्त हृदयाकडे पिळलं जातं, आणि कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांच्याकडे जाणाऱ्या बारीक धमन्या अरुंद होतात. मेंदू आणि हृदय यांचा पुरवठा मात्र राखला जातो. म्हणूनच माणूस शुद्धीवर असतो आणि बोलतो.

कातडीचं रक्त काढून घेतल्यामुळे हात पांढुरके आणि गार पडतात. त्याच वेळी त्याच चेतासंस्थेच्या हुकमानं घामाच्या ग्रंथी सुटतात. उन्हातल्या घामात अंग गरम असतं. शॉकमधला घाम गार अंगावर येतो, चिकट असतो. हा फरक हाताला एकदा कळला की विसरत नाही.

दुसरी हालचाल मिनिटांची, तासांची. पेशींभोवतीचं पाणी केशवाहिन्यांमध्ये ओढलं जातं. मूत्रपिंडं पाणी आणि मीठ धरून ठेवतात, लघवी कमी होते. ६० किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. याच साखळीतलं अँजिओटेन्सिन नावाचं रसायन तहान जागवतं. जखमी माणूस सारखं पाणी मागतो ते घाबरून नव्हे. ती रक्त कमी झाल्याची खूण आहे.

इथेच एक फसगत नोंदवून ठेवतो. ताज्या रक्तस्रावात हिमोग्लोबिनचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो. रक्त जातं ते अख्खं जातं, उरलेल्याची घनता तीच राहते. बाहेरचं पाणी आत आल्यावर, काही तासांनी, आकडा उतरतो. ‘एचबी १२ आहे, म्हणजे रक्त गेलं नाही’ हा निष्कर्ष पहिल्या तासात धरायचा नाही.

या सगळ्याची किंमत असते. प्राणवायू न मिळणाऱ्या पेशी साखर अर्धवट जाळतात. साखरेच्या एका रेणूपासून एरवी ऊर्जेची ३० च्या आसपास एककं मिळतात, अशा वेळी फक्त २. वर लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं. ते आम्ल उडवून लावण्यासाठी श्वास वाढतो. पुढे अंग थंड होतं, आणि थंड, आम्ल झालेलं रक्त नीट गोठत नाही. गोठत नाही म्हणून आणखी जातं, आणखी गेलं की अंग आणखी थंड पडतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मोठ्या हॉस्पिटललाही ते थांबवणं जड जातं.

किती गेलं की काय दिसतं

६० किलोच्या माणसाचं उदाहरण घेऊ. साधारण ६०० मिलीपर्यंत रक्त गेलं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आत, तर फारसं काही दिसत नाही. रक्तदाता ३५० मिली देऊन चहा पिऊन घरी जातो तो याच पट्ट्यात असतो.

६०० ते १२५० मिली हा सगळ्यांत फसवा पट्टा. नाडी १०० च्या पुढे, श्वास मिनिटाला २० च्या वर, हात गार, माणूस अस्वस्थ, चिडचिडा. आणि वरचं बीपी अजून नॉर्मल! पण खालचा आकडा बघा. धमन्या आवळल्यामुळे तो चढलेला असतो. ११८/७६ आणि ११८/९४ यांत वरचा आकडा एकच आहे, पण दुसऱ्यात दोन्हींतलं अंतर २४ वर आलंय. हे अंतर वरच्या आकड्याच्या चौथाईपेक्षा कमी झालं तर हृदयातून बाहेर पडणारं रक्त फार घटलंय असं समजायचं. आणखी एक सोपा हिशेब: नाडीच्या आकड्याला वरच्या बीपीनं भागा. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येतं. नाडी ११६ आणि बीपी ११२ असेल तर उत्तर १ च्या वर गेलं. दोन्ही आकडे सुटे सुटे बघितले तर कुणी फारसं घाबरणार नाही, एकत्र बघितले तर गाडी त्याच क्षणी निघाली पाहिजे.

१२५० ते १७०० मिलीत बीपी पडायला लागतं, नाडी १२० च्या पुढे जाते, माणूस असंबद्ध बोलतो. १७०० च्या वर गेलं की गुंगी येते, मनगटाची नाडी लागत नाही, आणि उरलेला वेळ मिनिटांत मोजायचा असतो.

एका मिनिटाची तपासणी

आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या तळहाताला आणि मग दंडाला लावा. दंड उबदार आणि पंजा गार, अशी सीमा जाणवते. ती सीमा कोपराकडे सरकत चालली असेल तर परिस्थिती बिघडतेय.

मग नख. जखम नसलेला हात हृदयाच्या पातळीला धरा, एका बोटाचं नख ५ सेकंद दाबा. खालचा भाग पांढरा होतो. सोडा आणि सेकंदकाट्याकडे बघा. गुलाबी रंग २ सेकंदांत परतायला हवा. ४-५ सेकंद लागले तर कातडीचा पुरवठा आवळला गेलाय. नखाला रंग किंवा बोटांना मेंदी असेल तर हीच तपासणी कपाळावर करा. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसात ही खूण फसवते, तिथे नाडी आणि श्वास यांच्यावर जास्त भर द्या. सावळ्या रंगावर फिकटपणा चेहऱ्यावर दिसत नाही, त्यासाठी खालची पापणी ओढून आतली बाजू बघा, ओठ आणि जीभ बघा.

मनगटाची नाडी अंगठ्यानं नव्हे, दोन बोटांनी ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. श्वास छातीकडे बघून मोजा, पण त्याला न सांगता, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. शेवटी त्याला बोलतं करा: आज वार कोणता, इथे कसा आलास. उत्तरं चुकायला लागली किंवा माणूस उगाच भांडायला लागला, तर त्याला दारू प्यायलेला ठरवू नका. मेंदूला रक्त कमी पडतंय.

घरचं डिजिटल मशीन शॉकमध्ये बऱ्याचदा एरर देतं. चार वेळा पट्टा फुगवत बसण्यात वेळ घालवू नका, ती एरर हीच बातमी समजा.

काय करायचं, कोणत्या क्रमानं

आधी जागा सुरक्षित करा. कडबाकुट्टीची मोटर बंद केली तरी जड चाक आणखी काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नका, आणि अडकलेला हात ओढू नका, चाक उलटं फिरवून सोडवा. रस्त्यावर असाल तर गाडी आडवी लावून दिवे चालू करा. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं जखम धरायची. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, गोव्यातही हाच नंबर चालतो. फोनवर गावाचं नाव, जवळची खूण, जखमींची संख्या, आणि ‘रक्त थांबत नाही’ हे शब्द सांगा.

जखमेवर हळद, कॉफी, माती, तंबाखू, चुना काहीही घालू नका. त्यानं रक्त थांबत नाही, आणि जखम साफ करण्यात सर्जनचा वेळ जातो. रक्त थांबतं ते दाबानं. स्वच्छ सुती कापडाची घट्ट घडी करा, रक्त जिथून येतंय नेमकी त्या जागी ठेवा, आणि तळहाताच्या खालच्या कडक भागानं, कोपर ताठ ठेवून, अंगाचं वजन टाकून दाबा. घड्याळ लावून १० मिनिटं. मधे उचलून बघायचं नाही, कारण तयार होत असलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कापडावर कापड चढवत जाणं. मोठा ढिगारा झाला की दाब पसरतो आणि कापड फक्त रक्त पितं. आरपार रक्त येत असेल तर दाबायची जागा चुकलीय किंवा जोर कमी पडतोय. जागा दुरुस्त करा, जोर वाढवा.

जांघ किंवा काख इथे खोल जखम असेल तर वरून दाबून भागत नाही. कापडाची पट्टी बोटानं जखमेच्या तळापर्यंत ठासत जायची, जखम भरली की वरून १० मिनिटं दाबायचं. छातीत आणि पोटात असं ठासायचं नाही. मानेच्या जखमेवर फक्त एकाच बाजूनं दाबा, गळ्याभोवती गोल पट्टी नको. सळई, काच, पहार घुसलेली असेल तर काढू नका. बऱ्याचदा तीच बूच असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा.

हातापायातलं रक्त दाबूनही थांबत नसेल, धार उडत असेल किंवा अवयव तुटला असेल, तर आवळपट्टी, म्हणजे टूर्निके, बांधायचीच. पंचा किंवा ओढणी घडी करून निदान ४-५ सेंटिमीटर रुंद पट्टी करा. तार, सुतळी, बुटाची नाडी नको, त्या मांस आणि नसा कापतात. जखमेच्या वर ५ ते ८ सेंटिमीटरवर दोन वेढे द्या. कोपर किंवा गुडघ्यावर नाही, जखम सांध्याजवळ असेल तर सांध्याच्या वर. एक अर्धी गाठ मारा, तिच्यावर लाटणं किंवा पान्यासारखी न मोडणारी दांडी ठेवा, तिच्यावर पूर्ण गाठ मारा आणि दांडी पिळत जा. रक्त थांबेपर्यंत पिळायचं, माणूस ओरडेपर्यंत नव्हे. तो त्याच्या आधीच ओरडेल, कारण नीट आवळलेली पट्टी फार दुखते. त्याला हे आधी सांगा. दांडी दुसऱ्या कापडानं बांधून टाका आणि वेळ लिहा, पेननं थेट कपाळावर किंवा दंडावर: ‘टू. ४.२०’.

अर्धवट आवळलेली पट्टी न बांधण्यापेक्षा वाईट. तिनं शिरा बंद होतात, धमन्या चालू राहतात आणि रक्तस्राव वाढतो. आणि एकदा बांधली की दर १५ मिनिटांनी सैल करायची, ही जुनी शिकवण सोडून द्या. सैल केली की दर वेळी थोडं थोडं रक्त जातं आणि माणूस त्या थोड्यानं मरतो. दोन तासांपर्यंत बांधलेल्या पट्टीनं हात गमावण्याची भीती कमी असते. ती हॉस्पिटलमध्येच सुटू द्या.

तुटलेलं बोट किंवा पंजा स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, ती पिशवी बर्फाच्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत. बर्फ थेट मांसाला लागू द्यायचा नाही. पण हे काम रक्त थांबवल्यानंतरचं.

आता माणूस. ओट्यावर बसवू नका, सपाट आडवा करा. मार लागलेला नसेल, उदाहरणार्थ जुलाबानं किंवा उन्हानं चक्कर आली असेल, तर पाय ३० ते ६० अंश उचलले की पायांतलं रक्त काही मिनिटं हृदयाकडे येतं. अपघातात मात्र पाय, कंबर, मणका यांची शंका असेल तर हे करू नका. मोठ्या पोटाच्या गरोदर बाईला डाव्या कुशीवर कलती ठेवा, उताणं झोपवलं तर गर्भाशयाखाली मोठी शीर दबते आणि हृदयाकडे येणारं रक्तच अडतं.

ओले कपडे काढा, अंगाखाली आणि वर गोधडी, चादर, जे असेल ते घाला. भर उन्हाळ्यातसुद्धा. फरशी आणि गाडीचा पत्रा अंगातली ऊब ओढून घेतात, आणि थंड रक्त गोठत नाही हे वर आलंच आहे.

पाणी पाजायचं नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण जखमी तहानेनं व्याकूळ असतो आणि समोर उभ्या माणसाला राहवत नाही. पण शुद्ध हरपली तर तेच पाणी उलटून श्वासनलिकेत जातं, आणि भूल द्यायच्या वेळी भरलेलं पोट धोक्याचं ठरतं. ओल्या कापडानं ओठ पुसा. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्या, पूर्ण शुद्धीवरच्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला ओआरएस द्यायचंच. रुग्णवाहिका येईपर्यंत दर ५ मिनिटांनी नाडी, श्वास, नख बघून कागदावर लिहीत राहा.

रक्त दिसत नाही तेव्हा

जमिनीवर एक थेंब नसतानाही माणूस शॉकमध्ये जाऊ शकतो. मांडीचं हाड मोडलं तर मांडीतच एक ते दीड लिटर रक्त साचू शकतं. कंबरेचं हाड मोडलं तर त्याहूनही जास्त. छाती आणि पोट यांत तर भरपूर जागा असते. मोटारसायकलचं हँडल पोटात घुसल्यावर वर साधा ओरखडा दिसतो आणि आत प्लीहा फाटलेली असते. अशा माणसाचं पोट दाबून दाबून बघू नका, कंबर हलवून बघू नका. कंबरेची शंका असेल तर चादर रुंद घडी करून दोन्ही बाजूंच्या मांडीच्या हाडांच्या उंचवट्यांवरून घट्ट बांधा, पाय एकत्र बांधा, आणि शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी न्या.

ज्यांच्यात खुणा फसतात

बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी गोळी चालू असेल तर नाडी वाढतच नाही. ८० नाडी बघून निर्धास्त होऊ नका. ज्या आजोबांचं रोजचं बीपी १६० आहे त्यांचं ११० म्हणजे शॉक असू शकतो. गरोदरपणात रक्ताचं प्रमाणच वाढलेलं असतं, त्यामुळे खुणा दिसेपर्यंत लिटरभराहून जास्त गेलेलं असतं. मुलं सर्वांत शेवटपर्यंत टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात. मुलाचं बीपी पडलेलं दिसलं, तर फार उशीर झालाय.

प्रत्येक शॉक रक्ताचा नसतो

मधमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर अंगावर गांध्या, घोगरा आवाज, धाप आणि चक्कर आली तर तो अ‍ॅलर्जीचा शॉक. तिथे रक्त कुठे जात नाही, नळ्याच सैल पडतात. औषध एकच: अ‍ॅड्रेनालिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि ते जवळच्यात जवळच्या दवाखान्यात मिळायला हवं. अशा माणसाला एकदम उठवून उभं करू नका. हार्ट अटॅकच्या शॉकमध्ये पंपच कमजोर असतो. धाप असेल तर टेकवून बसवा, पाय उचलू नका.

कोकणातला लाल विंचू चावल्यावरही अंग गार आणि घामानं थबथबलेलं असतं, हुबेहूब रक्त गेल्यासारखं. पण तिथे विषानं अ‍ॅड्रेनालिनचा पूर सुटलेला असतो. बीपी आधी चढतं, मग हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा, म्हणजे आवळलेल्या धमन्या सैल करणाऱ्या औषधाचा, उपचार रूढ केला. भरमसाट सलाइन इथे जीवावर बेतू शकतं.

हॉस्पिटलच्या दारात

‘अजून सलाइन का लावत नाही’ असा आग्रह धरू नका. सलाइन प्राणवायू वाहत नाही, तासाभरात त्यातलं जेमतेम पावभागच रक्तवाहिन्यांत उरतं, उरलेलं रक्त आणखी पातळ होतं, आणि दाब एकदम चढला तर बसलेली गुठळी उडते. खरी गरज रक्ताची आणि फुटलेली जागा बंद करण्याची असते. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड हे गुठळी टिकवणारं औषध जखम झाल्यापासून ३ तासांच्या आत दिलं तरच उपयोगी. पहिला डोस १ ग्रॅम, १० मिनिटांत. ३ तासांनंतर ते अपायच करू शकतं. म्हणून जखम नेमकी किती वाजता झाली हे डॉक्टरांना सांगणं नाव-पत्त्याइतकंच महत्त्वाचं आहे.

रस्ता अपघातातल्या जखमीला सद्भावनेनं मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं संरक्षण दिलंय, २०१९ च्या दुरुस्तीत ते आलं. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही. तेव्हा जखमीला दारात सोडून निघून जाऊ नका. पाच मिनिटं थांबा आणि डॉक्टरांना हे सांगा: किती वाजता लागलं, कशानं लागलं, किती रक्त गेलेलं दिसलं, आवळपट्टी किती वाजता बांधली, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करायची गोळी आहे का. आणि नाडी, श्वास लिहिलेला तो कागद त्यांच्या हातात द्या.